आधी नीट उभे राहा, मग मारा

गोल्फचा चेंडू अंगावर येत नाही. तो कुणी टाकत नाही, फिरवत नाही, उसळवत नाही. ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसलेला तो पांढरा गोळा तुम्ही मारेपर्यंत गवतावर निवांत पडून असतो. पाय कुठे ठेवायचे, किती वाकायचं, चेंडूपासून किती लांब राहायचं, हे सगळं ठरवायला खेळाडूला भरपूर सवड असते. इतकी मोकळीक फार थोड्या खेळांत मिळते, आणि आपण हौशी मंडळी नेमकी तीच वाया घालवतो. चेंडूपाशी जातो, कसंतरी उभं राहतो आणि सगळी अक्कल स्विंगमध्ये खर्च करतो.

रविवारी सकाळी कुठल्याही ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन अर्धा तास नुसतं बघत बसा. पन्नाशीचे एक गृहस्थ सेव्हन आयर्न घेऊन उभे असतात. पहिला चेंडू निशाणाच्या उजवीकडे जातो. ते मनगट तपासतात. दुसराही उजवीकडे. आता ग्रिप बदलतात. तिसऱ्या वेळी व्हिडिओत ऐकलेलं ‘कोपर आत ठेवा’ आठवतं. चेंडू पुन्हा तिकडेच. या सगळ्यात त्यांची नजर एकदाही स्वतःच्या पायांकडे जात नाही. पाय मॅटच्या कडेला अगदी समांतर असतात आणि मॅटच मुळात निशाणाच्या उजवीकडे तोंड करून टाकलेली असते. चेंडू त्यांनी जिकडे रोखला तिकडेच इमानाने जात असतो आणि दोष मनगटावर येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. निवृत्तीनंतर क्लबचं सभासदत्व वापरायला काढलेल्यांसाठी, कंपनीच्या स्पर्धेत पहिल्यांदा क्लब हातात धरलेल्यांसाठी, खारघरला पैसे भरून खेळणाऱ्यांसाठी, अमेरिकेत घराजवळच्या सार्वजनिक मैदानावर मुलांना घेऊन जाणाऱ्या मराठी आईबापांसाठीही. विनंती एकच आहे. पुढचे काही आठवडे स्विंग सुधारायचा नाद सोडा आणि उभं राहायला शिका. त्याला पैसे पडत नाहीत, ताकद लागत नाही आणि वयाची अट नाही.

दुरुस्ती फटक्याच्या आधीच होते

क्लब मागे न्यायला सुरुवात केल्यापासून तो चेंडूवर येईपर्यंत साधारण एक-सव्वा सेकंद जातो. त्यातला खाली येण्याचा भाग जेमतेम पाव सेकंदाचा. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते तर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतकंच. एवढ्या वेळात ‘कोपर आत, डोकं स्थिर, कंबर आधी’ असल्या सूचना पाळता येत नाहीत. शरीर त्या क्षणी जिथे आहे तिथूनच काम करतं. वजन बोटांवर असेल तर तोल सांभाळायला ते मागे ओढलं जातं. चेंडू फार लांब असेल तर हात ताणले जातात. खांदे चुकीच्या दिशेला असतील तर क्लब आडवा येतो. आपण ज्याला स्विंगमधला दोष म्हणतो, तो पुष्कळदा उभं राहण्यातली चूक निस्तरण्यासाठी शरीराने केलेली धडपड असते.

बेन होगन या अमेरिकन खेळाडूचं ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक १९५७ साली आलं आणि आजही गोल्फ शिकणारे ते वाचतात. त्यातल्या पाच धड्यांपैकी पहिला ग्रिपवर आहे, दुसरा उभं राहण्याच्या पद्धतीवर. क्लब हलतो तो तिसऱ्या धड्यात. नऊ मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या माणसाला ही तयारी एवढ्या मोलाची वाटली, तर आपण ती दहा सेकंदांत उरकू नये.

कुणी म्हणेल, मोठमोठे खेळाडूही वेगवेगळ्या तऱ्हेने मारतात. खरं आहे. जिम फ्युरिकचा स्विंग वर जाताना एक वेडंवाकडं वळण घेतो. तरी त्याच स्विंगने त्याने २००३ची यूएस ओपन जिंकली. पण फ्युरिक चेंडूपाशी उभा राहतो तो क्षण थांबवून बघा. पाठ, गुडघे, हात, तोल, सगळं पाठ्यपुस्तकातल्यासारखं. उलट ली ट्रेव्हिनो डावीकडे तोंड करून उभा राहायचा, कारण चेंडू उजवीकडे वळवत आणायचा हे त्याचं ठरलेलं होतं. त्याची तऱ्हा निराळी होती, पण ती प्रत्येक वेळी तशीच असायची. आपली अडचण अशी की आपण दर फटक्याला वेगळे उभे राहतो आणि दर वेळी एकसारख्या फटक्याची अपेक्षा करतो.

वाकायचं ते खुब्यातून

आता प्रत्यक्ष कृतीकडे. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं बदलून वाचावं. आपली गोल्फपटू दीक्षा डागर डावखुरीच आहे.

हे वाचता वाचताच एक करून बघा. खुर्चीत पोक काढून बसा, हातांची छातीवर घडी घाला आणि खांदे उजवीकडे जेवढे वळतील तेवढे वळवा. किती वळले ते लक्षात ठेवा. आता ताठ बसा आणि पुन्हा वळवा. या वेळी बरंच पुढे गेलात ना? गोल्फचा अख्खा स्विंग या वळण्यावर चालतो. पाठ गोल असेल तर मणके वळत नाहीत. खांदे अडतात, मग हात एकटेच क्लब वर उचलतात आणि खाली येताना तो बाहेरून आत, चेंडूवर तिरका येतो. उजवीकडे वळत जाणाऱ्या स्लाइसचं एक मोठं कारण हे असतं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांची पाठ मुळातच गोल झालेली असते, त्यामुळे त्यांनी इकडे जास्त लक्ष द्यावं.

याच्या उलट दोषही तितकाच नडतो. ‘पाठ सरळ’ ऐकलं की काही जण छाती पुढे काढतात, कुल्ले मागे फेकतात आणि कमरेत खोल बाक आणतात. समोरून पाहणाऱ्याला हे रुबाबदार वाटतं. पण त्या बाकामुळे कमरेच्या मणक्यांवर ताण येतो आणि पोटाचे स्नायू ढिले पडतात. हौशी गोल्फरांच्या दुखण्यांत कंबरदुखी सगळ्यात वरच्यांपैकी आहे. त्या बाकासह दिवसाकाठी शंभर स्विंग मारले, तर पाठ केव्हा ना केव्हा कुरकुरणारच.

योग्य वाकणं या दोन्हींच्या मधलं आहे, आणि ते सापडायला घरातला झाडूचा दांडा पुरतो. ताठ उभे राहा. दांडा पाठीमागे उभा धरा, असा की तो तीन ठिकाणी टेकेल: डोक्याच्या मागच्या भागाला, खांद्यांच्या फऱ्यांच्या मधे आणि माकडहाडाला. आता तिन्ही जागा न सोडता पुढे वाका. दांडा डोक्यावरून सुटला तर मान खाली गेली. माकडहाडावरून सुटला तर तुम्ही कमरेतून वाकलात. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला ठेवून वाकायचं तर एकच मार्ग उरतो: मांडी जिथे धडाला जोडलेली आहे त्या खुब्याच्या सांध्यात घडी पडायला हवी आणि कुल्ले थोडे मागे जायला हवेत. दिवसातून दोनदा, दात घासून झाल्यावर आरशासमोर करा. आठवड्याभरात अंगाला सवय लागते.

किती वाकायचं हे क्लबची लांबी ठरवते. वेज साधारण ३५ इंचांची, सेव्हन आयर्न ३७ इंचांच्या आसपास आणि ड्रायव्हर ४५ इंचांच्या घरात. क्लब आखूड असेल तर जास्त वाकायचं, लांब असेल तर कमी. वेगळं मोजमाप करायची गरज नाही. क्लबचा तळ जमिनीवर नीट टेकवा आणि तो टेकलेला ठेवून उभे राहा. क्लबचं पुढचं टोक हवेत उचललेलं दिसलं तर हात फार खाली आहेत, टाचेचा भाग उचललेला दिसला तर फार वर.

गुडघे वाकवायचे ते नाममात्र. ताठ लॉक झालेले गुडघे सैल सोडले की झालं. खुर्चीत बसायला निघाल्यासारखे गुडघे वाकवले की वजन टाचांवर जातं आणि कंबर वळायचं नाव घेत नाही. पाय अगदी ताठ ठेवले की वजन चवड्यांवर येतं आणि फटका मारताना माणूस चेंडूवर झुकतो. वजन बुटांच्या नाड्यांखाली, तळपायाच्या मध्यावर हवं. खात्री करायची असेल तर उभे राहिल्यावर बुटांतली बोटं हलवून बघा, मग टाचा किंचित उचलून बघा. दोन्ही सहज जमलं तर तोल बरोबर आहे.

इथे क्रिकेट आडवं येतं आणि महाराष्ट्रात ते प्रत्येकाच्याच आडवं येतं. फलंदाजाचा स्टान्स पुढे-मागे हलण्यासाठी असतो. चेंडू कुठे पडेल हे ठाऊक नसतं, म्हणून तो चवड्यांवर, गुडघ्यांत वाकून, केव्हाही निघायच्या तयारीत असतो. गोल्फमध्ये पाय निघणार नाहीत. एका जागी राहून धड वळवायचं आहे. गल्लीत आणि शाळेच्या मैदानावर मुरलेलं ते दबून उभं राहणं गोल्फच्या मैदानावर येताना बाहेर ठेवून या. अर्धा फटका तेवढ्यानेच सुधारेल.

हात लोंबू द्या

खुब्यातून वाकल्यावर हात खांद्यांपासून सरळ खाली सोडा. ते जिथे लोंबतात तिथे क्लबची मूठ हवी. आयर्नसाठी मूठ आणि मांडी यांत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर पडतं, ड्रायव्हरला थोडं जास्त. अंतर बरोबर आहे का, हे मैदानावरच तपासता येतं. स्टान्स घ्या, चेंडूमागे क्लब टेकवा आणि फक्त उजवा हात ग्रिपवरून सोडा. तो नुसता लोंबू द्या. सैल सोडलेला हात डाव्या हाताच्या आत, शरीराकडे आला, तर तुम्ही चेंडूकडे हात लांबवून उभे आहात. पुढे या. तो डाव्या हाताच्या पलीकडे गेला तर चेंडूला खेटून उभे आहात. मागे सरा. दोन्ही हात एका रेषेत लोंबले की जागा बरोबर.

हनुवटी छातीला चिकटवू नका. ‘मान खाली, नजर चेंडूवर’ हा सल्ला नवशिक्यांना इतक्यांदा दिला जातो की ते मान खाली घालून गोठतात आणि वळायला निघालेला डावा खांदा हनुवटीवर आदळतो. मान पाठीच्या रेषेत ठेवा आणि फक्त डोळे खाली करा. चष्म्याला खालच्या बाजूने वाचायची काच असेल तर चेंडू धूसर दिसतो आणि माणूस नकळत मान आणखी खाली घालतो. अशांनी खेळायला साधा, लांबचं बघायचा चष्मा वेगळा ठेवावा.

आणखी एक. ग्रिपवर उजवा हात डाव्याच्या खाली असतो, म्हणून उजवा खांदाही डाव्यापेक्षा थोडा खाली यायला हवा. पुष्कळ जण दोन्ही खांदे समान उंचीवर ठेवण्यासाठी उजवा खांदा पुढे ढकलतात. त्याने पाय जरी निशाणाला समांतर असले तरी खांद्यांची रेषा डावीकडे जाते. खांदा पुढे न आणता धड किंचित उजवीकडे कललेलं ठेवा. ड्रायव्हरला हा कल थोडा अधिक असतो.

पाय किती लांब, चेंडू कुठे

मधल्या आयर्नसाठी दोन टाचांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीइतकं असावं. वेजला त्याहून कमी, ड्रायव्हरला थोडं जास्त. पाय फार फाकवले की तोल पक्का वाटतो, पण कंबर वळत नाही आणि वजन डाव्या पायावर जात नाही. फार जवळ घेतले तर वळणं सोपं होतं, पण जोरात मारताना माणूस डगमगतो.

होगनचा सल्ला होता की उजवं पाऊल चेंडूच्या रेषेला काटकोनात ठेवावं आणि डावं थोडं बाहेर वळवावं. डाव्या पावलाचं ते वळण आपण सगळ्यांनी पाळावं, कारण फटक्यानंतर शरीर निशाणाकडे वळतं तेव्हा डाव्या गुडघ्यावरचा पीळ त्याने हलका होतो. उजव्या पावलाबाबत मात्र वय बघा. ज्यांचे खुबे आखडलेले आहेत त्यांनी उजवं पाऊलही थोडं बाहेर वळवावं. मागे वळताना लगेच फरक कळेल.

चेंडूची जागा क्लबप्रमाणे बदलते, आणि त्यामागचं कारण समजलं की ती पाठ करावी लागत नाही. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू डाव्या बाजूला, साधारण डाव्या खांद्याखाली पडतो. आयर्नने आधी चेंडू आणि मग जमीन लागायला हवी, म्हणजे चेंडू त्या बिंदूच्या थोडा मागे हवा. ड्रायव्हरचा चेंडू टीवर उंच असतो आणि क्लब वर निघताना त्याला लागला तर बरं, म्हणून तो पुढे, डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर हवा. सोपी कृती अशी: दोन्ही पाय जुळवून चेंडूच्या समोर उभे राहा. वेज असेल तर दोन्ही पाय सारखेच बाजूला घ्या, चेंडू मधोमध राहील. सेव्हन आयर्न असेल तर डावा पाय थोडा कमी, उजवा थोडा जास्त. ड्रायव्हर असेल तर डावा जेमतेम दोन-तीन इंच आणि उजवा चांगला लांब. हा क्रम दर वेळी पाळला की चेंडू कधी पुढे, कधी मागे राहण्याची भानगडच मिटते.

आधी क्लब रोखा, मग पाय

नेम चुकल्यावर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. दीडशे यार्डांच्या फटक्यात क्लबचा चेहरा आणि शरीर फक्त ५ अंशांनी फिरलेलं असेल आणि फटका अगदी सरळ बसला, तरी चेंडू निशाणापासून सुमारे १३ यार्ड बाजूला पडतो. हिरवळीच्या मध्यावरचा झेंडा साधायला निघालेला चेंडू तेवढ्यावर बंकरमध्ये जाऊ शकतो. आणि ५ अंश म्हणजे उभं राहिल्यावर डोळ्यांना कळणारही नाही इतका फरक.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो, आणि इथेच घोडं पेंड खातं. ते आधी पाय रोवतात, मग झेंड्याकडे बघतात, मग क्लब त्यात बसवतात. क्रम असा ठेवा: चेंडूच्या मागे, निशाणाच्या सरळ रेषेत उभे राहा. त्या रेषेवर चेंडूच्या दोन-तीन फूट पुढे एखादी खूण शोधा, वाळलेलं पान, गवतातला डाग, जुना खड्डा. जॅक निकलस आयुष्यभर हेच करत आला आणि ‘गोल्फ माय वे’ या १९७४च्या पुस्तकात त्याने ते लिहूनही ठेवलं. दोनशे यार्डांवरच्या झेंड्याकडे क्लब रोखण्यापेक्षा तीन फुटांवरच्या पानाकडे रोखणं कितीतरी सोपं. बाजूने चेंडूपाशी या, क्लबचा चेहरा त्या पानाकडे अगदी सरळ रोखून टेकवा. मग पाय, गुडघे, कंबर, खांदे त्या रेषेला समांतर बसवा. पायांची रेषा झेंड्यावर न जाता त्याच्या किंचित डावीकडे जायला हवी, कारण पाय चेंडूच्या अडीच-तीन फूट डावीकडे आहेत. पाय झेंड्यावर रोखायच्या हट्टाने खूपजण उजवीकडे तोंड करून उभे राहतात.

सराव करताना पायांजवळ एक क्लब आडवा टाकून रेषा तपासा, आणि मॅटच्या कडेवर कधीच विसंबू नका. स्पर्धेत मात्र हे करू नका. पाय जुळवायला क्लब किंवा काहीही जमिनीवर ठेवलं तर नियमाप्रमाणे स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड आहे, आणि मारायच्या आधी उचललं तरी तो टळत नाही. २०१९च्या नव्या नियमांपासून, तुम्ही स्टान्स घ्यायला लागलात की कॅडीनेही मुद्दाम तुमच्यामागे निशाणाच्या रेषेत उभं राहायचं नाही. त्याच्या आधी काही व्यावसायिक खेळाडूंचे कॅडी मागे उभे राहून त्यांचा नेम बसवून देत. आता नेम ज्याचा त्याने धरायचा. म्हणूनच तो सरावात पक्का व्हायला हवा.

मापाचे क्लब आणि उंचसखल जमीन

एक गोष्ट घराघरांत घडते. नवऱ्याचे जुने क्लब बायकोला मिळतात, बापाचे मुलाला. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईंच्या हातात पावणेसहा फुटी पुरुषाच्या मापाचा क्लब आला की तिला एक तर ताठ उभं राहावं लागतं, नाहीतर चेंडूपासून लांब. मग ‘तुझी पाठच वाकत नाही’ म्हणून तिलाच बोल लावला जातो. बाई, आधी क्लब मापाचा आहे का ते बघून घ्या. लांबी कापून घेता येते, दांड्याचा कोन काही क्लबांत वाकवून घेता येतो. अगदीच नसेल तर क्लब एक-दीड इंच खाली धरून खेळा. सुटलेल्या पोटाच्या मंडळींनी चेंडूपासून अर्धा पाय मागे उभं राहून खुब्यातली घडी थोडी वाढवावी, हात अडकणार नाहीत. कंबर किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर सुरुवात फिजिओथेरपिस्टला दाखवून करा.

रेंज सपाट असते, मैदान नसतं. पुण्याजवळ बावधनच्या टेकड्यांवर खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर कमी वाका, क्लब खाली धरा, आणि तो डावीकडे जाईल हे गृहीत धरून थोडं उजवीकडे रोखा. चेंडू पायांखाली उतारावर असेल तर पाय थोडे फाकवा, खुब्यातून जास्त वाका आणि थोडं डावीकडे रोखा. चढावर किंवा उतारावर उभे असाल तर खांदे जमिनीच्या उताराला समांतर ठेवा. पावसाळ्यात ओल्या गवतावर पाय सटकतो, तेव्हा पाय रोवून घ्या आणि तीन चतुर्थांश स्विंगवर समाधान माना.

थांबूही नका

एवढं सगळं वाचून कुणी चेंडूपाशी पुतळा होऊन उभं राहील, ही भीती मला आहेच. तो दुसऱ्या टोकाचा दोष. स्टान्स घेतल्यावर पाच-सात सेकंदांहून जास्त थांबलं की खांदे, पोटऱ्या, मुठी आवळत जातात. नियमांचीही सूचना आहे की खेळण्याची पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा. पाळी येण्याआधीच क्लब निवडा, खूण हेरा. पाळी आली की आपल्या क्रमाने उभे राहा, मूठ सैल ठेवा, क्लब थोडा हलवून मनगटं मोकळी करा आणि मारा. विचार चेंडूच्या मागे करायचा, चेंडूपाशी नाही.

टीव्हीवर गोल्फ बघताना कॅमेरा चेंडूमागे पळतो, आपणही त्याच्यामागे पळतो. पुढच्या वेळी त्याआधीचे दहा सेकंद बघा. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी असो की पुण्याचाच उदयन माने, चेंडूपाशी येण्याचा त्यांचा क्रम दर वेळी तोच असतो. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पण ती लांब मारणाऱ्यांत मोडत नाही. लांबीची कसर ती नेमकेपणाने भरून काढते, आणि नेमकेपणा उभं राहण्यापासून सुरू होतो.

तेव्हा एवढं करा

पुढच्या वेळी रेंजवर बादलीभर चेंडू घेतलेत की पहिले दहा बाजूला काढा. त्या दहांसाठी दर वेळी मागून चालत या, खूण शोधा, क्लब रोखा, पाय लावा, उजवा हात सोडून तपासा, बोटं हलवून तोल बघा आणि मग मारा. चेंडू कुठे गेला याकडे लक्ष देऊ नका. मोबाइलवर एक फोटो समोरून आणि एक उजव्या बाजूने काढून घ्या, व्हिडिओ नको. स्विंगच्या व्हिडिओत डोळा क्लबमागे जातो. स्थिर फोटोत पाठ, गुडघे आणि हात लपत नाहीत. महिन्याने पुन्हा तेच दोन फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. शिक्षकाकडे जात असाल तर पहिल्या तासाला त्याला स्पष्ट सांगा: आज स्विंग नको, फक्त उभं राहणं बघा.

आणि हे एकदा जमलं की संपलं, असं समजू नका. अठरा मोठ्या स्पर्धा जिंकलेला निकलस दर हंगामाच्या सुरुवातीला लहानपणापासूनचे गुरू जॅक ग्राउट यांच्याकडे जायचा आणि ग्रिप कशी धरायची, उभं कसं राहायचं, इथपासून पुन्हा सुरू करायचा. त्याला ती उजळणी जड वाटली नाही. आपल्याला वर्षातून चार रविवार तेवढ्यासाठी काढायला हरकत नसावी. नवा ड्रायव्हर घ्यायचा विचार असेल तर ते चार रविवार होईपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.